एकच लोड घेऊन स्मिथ चार्ट शिकूया, थेट स्टब कापेपर्यंत

माझ्या टेबलाच्या खणात कोॲक्सचा (अँटेनाला लावतात त्या केबलचा) ४१ सेंटीमीटरचा एक तुकडा अजून पडलाय. तो २७ चा असायला हवा होता. चार्टवरचं काम चोख होतं, उत्तर दोनदा तपासलेलं, आणि तरी अँटेना जोडली की एसडब्ल्यूआर (अँटेना आणि लाइन किती जुळलेत ते सांगणारा आकडा, १ म्हणजे चोख) होता तिथंच. तो तुकडा ४१ चा का झाला ते सातव्या पायरीत सांगतो, पण हे लिहायला बसलो ते त्याच्यामुळेच, कारण स्मिथ चार्टवर (इम्पीडन्सची गणितं रेघा ओढून सोडवायचा गोल तक्ता) माणूस चुकतो तो गणितात फारसा नाही, आपण चार्टवर नक्की कुठे उभे आहोत आणि कुठल्या बाजूला तोंड करून उभे आहोत हे विसरल्यामुळे चुकतो.

हे ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या) पोरांसाठी आहे, नुकतंच हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स मिळालेल्यांसाठी आहे, आणि ज्यांनी नॅनोव्हीएनए (इम्पीडन्स मोजायचं छोटं यंत्र) मागवून घेतलाय आणि स्क्रीनवर तो गोल गोल चार्ट बघून परत एसडब्ल्यूआरच्या साध्या ग्राफवर गेलेत त्यांच्यासाठी तर आहेच. कॉम्प्लेक्स नंबर म्हणजे काय आणि इम्पीडन्स म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे.

इतिहास दोन ओळीत. बेल लॅब्समधल्या फिलिप स्मिथनी हा चार्ट जानेवारी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९४४ मध्ये सुधारून परत छापला. जपानमध्ये मिझुहाशी यांनी १९३७ मध्येच अशी मांडणी दिली होती आणि रशियात व्होल्पर्ट १९३९ मध्ये स्वतंत्रपणे तिथंच पोचले, पण नाव राहिलं स्मिथचं. कॅल्क्युलेटर नसलेल्या काळातली सोय होती ती. आज गणित मोबाइल करतो, तरी व्हीएनएच्या स्क्रीनवर चार्ट आहेच, कारण एखादी गोष्ट कुठून कुठे सरकतेय हे आकड्यांच्या रकान्यात दिसत नाही, इथं दिसतं.

लागणारं सामान

- चार्टच्या छापील शीट, चारपाच तरी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात विचारा, नाहीतर पीडीएफ प्रिंट करा. प्रिंट करताना "फिट टू पेज"नं कधीकधी गोल लंबगोल होतो, आणि झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर कडेच्या बारीक रेघा एकमेकीत मिसळून जातात. शीट हातात आली की आधी कंपासनं बाहेरचं वर्तुळ गिरवून बघा, जुळलं नाही तर सरळ फेकून द्या.
- कंपासपेटी. त्यातला कंपास, पट्टी आणि कर्कटक. हो, शाळेत जे कधी वापरलं नाही ते कर्कटक, चार्टखालच्या आडव्या स्केलवर अंतर उचलून न्यायला ते लागतं.
- टोक केलेली शिसपेन्सिल, आणि दोन रंगाचे पेन. निळा इम्पीडन्ससाठी, लाल ॲडमिटन्ससाठी (१ भागिले इम्पीडन्स). हे चोचले वाटतील पण पाचव्या पायरीला माझी आठवण काढाल.
- प्रत्यक्ष जोडणार असाल तर कोॲक्स, टी कनेक्टर, कोॲक्सची डेटाशीट आणि नॅनोव्हीएनए, सोबत त्याचे ते तीन छोटे कॅलिब्रेशनचे तुकडे. कनेक्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत मिळून जातात.

१. आधी नुसतं फिरून या, काही मोजू नका

शीट समोर ठेवा. मधोमध आडवी रेघ आहे, चार्टवरची सरळ रेघ तेवढी एकच. त्या रेघेवर रिॲक्टन्स शून्य, म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स. रेघेचं डावं टोक म्हणजे शॉर्ट, उजवं टोक म्हणजे ओपन, आणि बरोबर मध्ये १.० लिहिलंय ते घर. सगळी मॅचिंगची, म्हणजे लोड लाइनशी जुळवायची, खटपट त्या घरी पोचायची असते.

उजव्या टोकाला चिकटून लहानमोठी पूर्ण वर्तुळं दिसतात ती रेझिस्टन्सची, एका वर्तुळावर कुठेही फिरा, रेझिस्टन्स तोच. त्याच उजव्या टोकातून कमानी निघतात त्या रिॲक्टन्सच्या. रेघेच्या वर इंडक्टिव्ह, खाली कॅपॅसिटिव्ह. इथं एक गंमत आहे जी पहिल्यांदा सगळ्यांना फसवते, छापील शीटवर खालच्या कमानींवरही आकडे नुसतेच लिहिलेले असतात, वजा चिन्ह नसतं. ते आपण आपलं लावून घ्यायचं.

बाहेरच्या कडेला तीन पट्ट्या आहेत. एक जनरेटरच्या (ट्रान्समीटरच्या) दिशेनं लॅम्डामध्ये (म्हणजे तरंगलांबीच्या पटीत), एक लोडच्या (अँटेनाच्या) दिशेनं लॅम्डामध्ये, आणि एक अंशात. अंशाची पट्टी सध्या विसरा.

२. नॉर्मलाइज करा आणि ठिपक्याला नाव द्या

आपण पूर्ण लेखभर एकच लोड घेऊ. घरी बनवलेली अँटेना, १४५ मेगाहर्ट्झला इम्पीडन्स १०० + जे५० ओहम. लाइन ५० ओहमची कोॲक्स.

चार्टवर ओहम नसतातच, सगळं लाइनच्या इम्पीडन्सच्या पटीत असतं. म्हणून ५० नं भागा. उत्तर २ + जे१. आता रेझिस्टन्सचं २ चं वर्तुळ धरा, वरच्या बाजूची १ ची कमान धरा, जिथं छेदतात तिथं निळा ठिपका.

आणि लगेच त्याच्या शेजारी लिहा, "झेड, लोडपाशी". कोणाचा ठिपका आणि लाइनवर कुठला. नुसता ठिपका ठेवू नका. अर्ध्या तासानं शीटवर सहा ठिपके असतात आणि सगळे सारखेच दिसतात, मी हे परीक्षेत अनुभवलंय, दहा मार्कांचं गणित होतं आणि मी तिसऱ्या ठिपक्यापासून पुढं जायच्या ऐवजी दुसऱ्यापासून गेलो.

३. वर्तुळ काढा

कंपासचं टोक मध्यावर, पेन्सिल ठिपक्यावर, पूर्ण गोल. झालं, लाइनवर लोडपासून कितीही अंतरावर गेलात तरी (लाइनमध्ये लॉस नाही असं धरून) तुम्ही या गोलावरच असणार.

हा गोल आडव्या रेघेला उजव्या बाजूला जिथं कापतो तिथला आकडा वाचा. २.६ च्या किंचित पुढे येईल, गणितानं २.६२. तोच एसडब्ल्यूआर. सूत्र नाही, काही नाही. कर्कटकानं त्रिज्या उचलून खालच्या स्केलवर ठेवलीत तर रिफ्लेक्शन कोइफिशंट (परतीची लाट जाणाऱ्या लाटेच्या किती पट) ०.४५ च्या आसपास मिळतो, त्याचा वर्ग ०.२, म्हणजे २० टक्के पॉवर लोडवरून परत फिरतेय.

४. लाइनवर चाला, पण योग्य दिशेनं

मध्यापासून ठिपक्यातून पट्टीनं रेघ ओढा, पार बाहेरच्या कडेपर्यंत. जनरेटरच्या दिशेच्या पट्टीवर आकडा येतो ०.२१३. हा आकडा म्हणजे लोडचं अंतर वगैरे काही नाही, रस्त्यावरचा मैलाचा दगड समजा, पुढे किती चाललो ते मोजायला सुरुवातीचा आकडा टिपून ठेवायचा इतकंच.

समजा लोडपासून ०.१ लॅम्डा मागे, ट्रान्समीटरकडे, इम्पीडन्स किती ते हवंय. ०.२१३ मध्ये ०.१ मिळवा, ०.३१३. तिथून मध्याकडे रेघ, गोलाला कापते तिथं ठिपका. वाचा: १.४ − जे१.१ च्या आसपास. ५० नं गुणा, साधारण ७० − जे५६ ओहम. लोड इंडक्टिव्ह होता, थोडीशी लाइन जोडली आणि कॅपॅसिटिव्ह झाला. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला पटलंच नव्हतं, पण लाइन म्हणजे नुसती तार नाही ही गोष्ट इथं जेवढी समजते तेवढी अख्ख्या सेमिस्टरच्या डेरिव्हेशनमध्ये समजली नव्हती.

आता सापळा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं म्हणजे जनरेटरकडे, उलट म्हणजे लोडकडे. हेच गणित उलट्या दिशेनं केलंत तर ३० + जे३३ येतं, दिसायला अगदी सज्जन उत्तर, कुणालाही शंका येणार नाही. म्हणून पेन्सिलीनं गोलावर बाण काढायची सवय लावा. ज्या टोकाला लोड आहे तिथून ट्रान्समीटरकडे निघालो की काट्याबरोबर. व्हीएनएच्या टोकावर मोजून अँटेनापाशी काय आहे ते काढायचं असेल तर काट्याविरुद्ध.

पूर्ण फेरी अर्ध्या लॅम्डात होते, एका लॅम्डात नाही, कारण लाट तेवढंच अंतर जाते आणि परत येते. पट्टीवर ०.५ झालं की परत शून्यापासून सुरू. म्हणजे ०.४६ पासून ०.१६ ला जायचं असेल तर "वजा आलं" म्हणून घाबरू नका, आधी ०.५ पर्यंत जा, मग पुढचं मिळवा.

५. ॲडमिटन्सला उडी

स्टब म्हणजे मॅचिंगसाठी लावायचा केबलचा तुकडा, तो आपण लाइनला समांतर जोडतो, आणि समांतर जोडणीत इम्पीडन्सची बेरीज होत नाही, ॲडमिटन्सची होते. म्हणून आता लाल पेन.

निळ्या ठिपक्यातून मध्यातून आरपार रेघ ओढा, गोलाच्या समोरच्या बाजूला जिथं कापते तो ॲडमिटन्सचा ठिपका. आपल्याकडे ०.४ − जे०.२ येतं, कडेवर ०.४६३. (तपासून बघायचं असेल तर १ भागिले २ + जे१ करा, तेच येतं.)

इथून पुढे तोच चार्ट आहे, तीच वर्तुळं आहेत, पण अर्थ बदलला. रेझिस्टन्सची वर्तुळं आता कंडक्टन्सची (ॲडमिटन्सच्या खऱ्या भागाची) झाली, वरची बाजू आता कॅपॅसिटिव्ह झाली, शॉर्ट उजव्या टोकाला गेला आणि ओपन डावीकडे. अर्ध्या लोकांची गाडी इथं घसरते, ते लाल ठिपक्यापासून चालतात आणि स्टबची लांबी मोजताना शॉर्ट परत डावीकडे धरतात. मग स्टब बरोबर पाव लॅम्डानं चुकतो. म्हणून म्हटलं होतं दोन रंग घ्या. शीटच्या उजव्या टोकाला लालनं "शॉर्ट" असं लिहूनच टाका.

६. स्टब कुठे आणि किती लांब

लाल ठिपक्यापासून काट्याच्या दिशेनं चालायला लागा, गोलावरूनच, आणि १ चं कंडक्टन्स वर्तुळ (जे मध्यातून जातं तेच) कुठे भेटतं ते बघा. दोन ठिकाणी भेटतं:

- पहिलं, १ + जे१, कडेवर ०.१६२
- दुसरं, १ − जे१, कडेवर ०.३३८

पहिल्या ठिकाणापर्यंतचं अंतर: ०.४६३ पासून ०.५ पर्यंत ०.०३७, आणि पुढे ०.१६२. एकूण ०.१९९ लॅम्डा. दुसऱ्यापर्यंत ०.३७५.

पहिलं घेऊ. लोडपासून ०.१९९ लॅम्डावर लाइनचा ॲडमिटन्स १ + जे१ आहे. त्यातला १ आपल्याला हवाच आहे, जे१ नकोय. मग तिथं − जे१ असलेलं काहीतरी समांतर जोडलं की काम झालं. ते काहीतरी म्हणजे टोकाला शॉर्ट केलेला कोॲक्सचा तुकडा.

त्याची लांबी काढायला लोडचा गोल विसरा, चार्टच्या अगदी बाहेरच्या कडेवर या, कारण शॉर्ट स्टबमध्ये रेझिस्टन्स नसतो. सुरुवात लालनं लिहिलेल्या "शॉर्ट"पासून, कडेवर ०.२५. काट्याच्या दिशेनं खाली उतरा, − १ ची कमान कडेला लागते ती चार्टच्या तळाशी, ०.३७५ ला. फरक ०.१२५. म्हणजे स्टब लॅम्डाच्या आठव्या भागाइतका.

दुसरा पर्याय घेतला असता तर स्टब + जे१ चा, ०.३७५ लॅम्डा लांब. उत्तर म्हणून तोही बरोबर, पण दोन्ही लांब्या जास्त, आणि लांब स्टब फ्रीक्वेन्सी थोडी सरकली की लगेच बिनसतो. पेपरात दोन्ही उत्तरं लिहा, प्रत्यक्षात आखूड घ्या.

७. लॅम्डाचे सेंटीमीटर, इथंच माझा तुकडा कापला गेला

१४५ मेगाहर्ट्झला मोकळ्या हवेतली लॅम्डा २.०६७ मीटर. ०.१९९ नं गुणलं की ४१ सेंटीमीटर. मापलं, कापलं, कनेक्टर बसवला, सोल्डर केलं.

पण लाट हवेत नाही, कोॲक्सच्या आतल्या प्लास्टिकमधून चाललीये, आणि तिथं ती हळू चालते. आरजी-५८ मध्ये भरीव पॉलिथिलीन असेल तर वेग प्रकाशाच्या ०.६६ पट. म्हणजे केबलमधली लॅम्डा २.०६७ गुणिले ०.६६, साधारण १३६.५ सेंटीमीटर. आता:

- लोड ते टी: ०.१९९ × १३६.५ = २७.२ सेंटीमीटर
- स्टब: ०.१२५ × १३६.५ = १७.१ सेंटीमीटर

फोम असलेल्या केबलमध्ये हा ०.६६ चा आकडा वाढतो, ०.८ च्या आसपास जातो, म्हणून केबलवर छापलेला नंबर बघून डेटाशीट काढा, दुकानदाराच्या "सगळ्या सेमच असतात साहेब" वर जाऊ नका. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या काळ्या केबल होत्या आणि बाहेरून काडीचा फरक दिसत नव्हता. शंका असली तर टोक सोलून बघा, आतलं प्लास्टिक नखानं दाबलं की सहज दबलं तर फोम.

आणि मोजायचं ते टीच्या मध्यापासून. कनेक्टरची लांबी धरायची. केबलमध्ये ६८ सेंटीमीटरला चार्टवर पूर्ण फेरी होते, तेव्हा दोन सेंटीमीटर इकडेतिकडे म्हणजे चार्टवर दहा अंशांच्या वर.

८. मोजताना तुम्ही केबलच्या कुठल्या टोकाला आहात?

नॅनोव्हीएनए घेतला, अँटेनाची दहा मीटर केबल लावली, स्क्रीनवर ठिपका दिसला, तो वाचून गणित सुरू केलं. चुकलं. तो ठिपका अँटेनाचा नाही, दहा मीटर केबलच्या या टोकाचा आहे, आणि दहा मीटरमध्ये तो चार्टभोवती साडेचौदा फेऱ्यांहून जास्त फिरून आलाय. त्यामुळे:

- आधी फ्रीक्वेन्सीची रेंज सेट करा, मग कॅलिब्रेशन करा. नंतर रेंज बदललीत तर परत कॅलिब्रेशन.
- ओपन, शॉर्ट आणि लोड हे तीन तुकडे व्हीएनएच्या तोंडावर नाही, जिथं अँटेना जोडणार त्या केबलच्या टोकाला लावून कॅलिब्रेट करा. कॅलिब्रेशन जिथं केलं तिथं तुम्ही उभे.
- झाल्यावर तपासा. शॉर्ट लावला की ठिपका डाव्या टोकाला, ओपन लावला की उजव्या, लोड लावला की बरोबर मध्ये. ओपनला ठिपका न राहता कमानीसारखी शेपटी दिसली तर कॅलिब्रेशननंतर मध्ये कुठेतरी केबलचा जास्तीचा तुकडा आलाय.

अजून एक, लॉस. आपण गोल काढला तो लॉस नाही असं धरून. खऱ्या केबलमध्ये ट्रान्समीटरकडे जाताना गोल आत आत वळत स्पायरल होतो, म्हणजे खाली शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) बसून वाचलेला एसडब्ल्यूआर गच्चीवरच्या खऱ्या आकड्यापेक्षा नेहमी चांगला दिसतो. किती चांगला? केबलचा लॉस ३ डीबी असेल तर वर अँटेना काढून टाकलीत, नुसती उघडी केबल ठेवलीत, तरी खाली मीटर एसडब्ल्यूआर ३ दाखवेल. एका ओळखीच्या काकांची अँटेना पावसाळ्यात कनेक्टरपाशी तुटली होती आणि ते दोन आठवडे "एसडब्ल्यूआर जरा वाढलाय, बाकी ठीक" म्हणत कॉल देत बसले होते. अँटेनाबद्दल काही ठरवायचं असेल तर गच्चीवर चढा.

९. स्टब कापण्याआधी टाचणी

१७.१ सेंटीमीटर आलं म्हणून १७.१ ला कापू नका. २० चा तुकडा घ्या, टीला जोडा, टोक उघडंच ठेवा. टीपासून साधारण १८ सेंटीमीटरवर टाचणी कोॲक्समध्ये आरपार अशी खुपसा की बाहेरची जाळी आणि आतली तार दोन्हीला टेकेल. झाला शॉर्ट. (ट्रान्समीटर जोडलेला नको, फक्त व्हीएनए.) स्क्रीनवर १४५ चा मार्कर बघा. आता टाचणी काढून अर्धा सेंटीमीटर टीकडे खुपसा, परत बघा. प्रत्येक वेळी मार्कर १ च्या कंडक्टन्स वर्तुळावरून (इम्पीडन्स दाखवणाऱ्या स्क्रीनवर ते डाव्या टोकाला चिकटलेलं असतं) थोडा सरकतो, मध्याच्या जवळ जवळ येतो, आणि एका भोकाला मध्य ओलांडून पलीकडे जातो. त्याच्या आधीच्या भोकावर खूण करा, तिथं कापा, जाळी आणि तार एकत्र सोल्डर करा.

मार्कर मध्याच्या बाजूनं निघून गेला, म्हणजे कुठलंही भोक घेतलं तरी घरी येतच नाही, तर स्टबला हात लावू नका, तो निर्दोष आहे, लोड ते टी अंतर चुकलंय. माझ्या बाबतीत तेच होत होतं आणि मी मात्र अख्खी संध्याकाळ स्टबच कापत बसलो होतो.